निळ्या पाठीचे कोयते

कौतिकमावशी आज कुठे असेल, हे सुरतेच्या भेस्तानात कोणालाच पक्कं ठाऊक नसे. सुरीला धार लावायची असो की विळीला नवं पातं बसवायचं असो, आधी तिला शोधावं लागे. पानवाला म्हणे, "सकाळी तर रेल्वे फाटकापाशी होती." फाटकापाशी गेलं की नुसती राख आणि कोळशाचा चुरा. तिथला चहावाला म्हणे, "आत्ताच गेली, खाडीच्या बाजूला." मग आपण कान टवकारून उभं राहायचं. कापडाच्या लूमच्या खडखडाटातून एखादा वेगळा, सुटा ठोका ऐकू आला की त्या दिशेने चालू लागायचं.

तिची भट्टी हातगाडीवर होती. ट्रकच्या जुन्या ब्रेकड्रमची भट्टी, हाताने फिरवायचा पंखा, ऐरण म्हणून रुळाचा एक हातभर तुकडा, जळक्या ऑइलचा डबा आणि पत्र्याच्या पेटीत लहान-मोठ्या कानशी. एवढा संसार ढकलत ती दिवसातून दोन-तीन जागा बदलायची. कारण साधं होतं. आमच्या भागातली निम्मी माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपलेली असत. एका खोलीत आठ-आठ जण, पाळीपाळीने एकाच गोधडीवर. ठोके सुरू झाले की कुठलं तरी दार उघडायचं आणि लाल डोळ्यांचा एक माणूस म्हणायचा, "मावशी, झोपू द्या ना." शिवाय त्या वर्षांत शहराचे रस्ते रुंद होत होते आणि रस्त्याकडेचं जे काही असेल ते उचललं जात होतं. पण खरं सांगायचं तर कोणी उठवलं नसतं तरी मावशी एका जागी राहिली नसती. लाल डोळ्यांचा माणूस दार उघडायच्या आधीच तिची गाडी हललेली असायची.

ती मूळची अमळनेरकडची, बोली अहिराणी. लोहाराची लेक, लोहाराचीच बायको. नवरा सुपडूकाका. गावात ऐरण बंद पडल्यावर दोघं सुरतेला आली. काका लूमवर लागले आणि पक्क्या पगारात रमले. मावशी दोन महिने घरी बसली. त्या दोन महिन्यांबद्दल तिने मला एवढंच सांगितलं होतं: "बाई, मी खोलीना पत्रा मोजी टाकात." तिसऱ्या महिन्यात तिने भंगारातून ब्रेकड्रम आणला.

दिसायला काडी. हात मात्र खांद्यापासून मनगटापर्यंत एकसारखे जाड. उजव्या भुवईचे केस कायम जळलेले. भाकरी हातावर घेऊन उभ्याने खायची, तीही गाडीभोवती फिरत. वाक्य अर्ध्यात सोडायची. "त्या दिवशी तो पोलीस आला, आणि मी त्याले..." एवढं बोलून पंखा फिरवायला लागायची. पोलिसाचं पुढे काय झालं हे विचारलं तर म्हणायची, "गेला ना तो." निरोप घेणं तिला माहीतच नव्हतं. आपण बोलत असताना ती गाडी ढकलायला लागायची आणि "येस मी", म्हणजे येते मी, हे शब्द पुढच्या गल्लीतून ऐकू यायचे.

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. माहेर जालन्याकडचं, लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा आईने दिलेली एक सुरी माझ्याकडे होती. पातं पोलादी, धार अशी की टोमॅटोला नुसती टेकवावी. तिची लाकडी मूठ कुजून गळून पडली. नवी मूठ बसवायची तर पात्याच्या शेपटीला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाला, दोन भोकं पाडायला हवी होती, म्हणून मी ती एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या कारागिराने दोन ड्रिल जाळली आणि हात जोडले. "बहेन, आ तो काच छे," म्हणाला. फार कडक. अख्खी सुरी तापवून मऊ केली तर भोक पडेल, पण मग धार राहणार नाही.

ती सुरी घेऊन मी मावशीला शोधत गेले. ती मला तिसऱ्या ठिकाणी सापडली. सुरी तिने हातात घेतली, नखाने वाजवली, कानशीचा एक हात शेपटीवर मारून पाहिला. कानस घसरली. मग माझ्या पिशवीत डोकावून न विचारता एक मोठा बटाटा काढला आणि सुरीची धार त्यात खोल रुतवली. शेपटी तेवढी बाहेर.

"हे काय मावशी?"

"धारले पाणी पाहिजे ना. बटाटामा पाणीच ऱ्हास."

लोखंडाचा एक जाड ठोकळा तिने भट्टीत लाल केला, चिमट्याने बाहेर काढला आणि सुरीची शेपटी त्यावर टेकवली. त्याआधी शेपटी तिने घासून चांदीसारखी केली होती. का, ते मला तेव्हा कळलं. उजळ पोलादावरच रंग दिसतो. शेपटीवर आधी फिकट पिवळा रंग उमटला, लिंबाच्या सरबतासारखा. तो गडद झाला, बदामी झाला, मग जांभळा, आणि जांभळ्याच्या मागून निळा. मोराच्या मानेचा निळा. निळ्याच्याही पुढे करडा होईपर्यंत तिने तो जाऊ दिला. रंगांची ती रांग पात्यावर हळूहळू पुढे सरकत बटाट्यापाशी येऊन थांबली. तेवढा वेळ मावशी हलली नाही. तिची पापणीही हलली नाही.

मग शेपटीला दोन भोकं पडली, लोण्यात पडावी तशी.

"सर्व मऊ करं तर धार जास. सर्व कडक ठेवं तर मोडी जास," ती म्हणाली. "जठे पाहिजे तठेच मऊ करानं." आणि बटाटा माझ्या हातात दिला. "ले. अर्धा शिजना शे."

तिच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक हत्याराची ती हीच तऱ्हा करायची. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची पट्टी घडवून लाल करायची आणि जळक्या तेलात बुडवायची. तेलात बुडवायची, तरी म्हणायची "पाणी दिलं". त्या पाण्याने पातं पुरतं कडक व्हायचं, पण ठिसूळही. मग ते घासून उजळ करायचं आणि त्याची पाठ तापल्या ठोकळ्यावर धरायची. पाठीकडून रंग चढत यायचा. पाठ निळी झाली आणि धारेवर नुकता पिवळा पोचला की लगेच थंड. शेवटी कानस. धारेवर कानस घसरली पाहिजे, पाठीवर रुतली पाहिजे. दोन्ही झालं की पातं पास. यात जीवनाचा काही मोठा अर्थ आहे असं तिला कोणी सांगितलं असतं, तर तिने तीच कानस फेकून मारली असती.

एकदा मी तिला शाळेत बोलावलं, सातवीच्या मुलांना हे रंग दाखवायला. मुख्याध्यापक घाबरले. "बाई, शाळेत सुऱ्या?" मी म्हटलं, सुरी नाही, खुरपं करील. ती आली, मैदानात गाडी लावली आणि मुलांनी तिला गराडा घातला. पिवळा, बदामी, जांभळा असं सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता. निळा आला तेव्हा टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांचाही चेहरा सैल झाला. त्यांनी ऑफिसात खुर्ची दिली, चहा मागवला. मावशीने कप घेतला आणि चहा पीत पीत सगळ्या शाळेतून फिरून आली. परत आली तेव्हा कप कुठे तरी ठेवला होता आणि हातात मुलींच्या संडासाची मोडकी कडी होती. "ही मी नेस," म्हणाली. दुसऱ्या दिवशी कडी दुरुस्त होऊन आली. वर्षभर आम्ही त्या कडीसाठी अर्ज करत होतो.

आता त्या चार कोयत्यांचं सांगते.

दिवाळी झाली की कामरेजच्या बाजूला ऊसतोड सुरू होते. डांग, नवापूर, साक्री भागातली माणसं जोडीने येतात, फडाकडेला पाल ठोकून राहतात आणि फड संपला की पुढच्या फडावर जातात. त्या वर्षी एका मुकादमाने मावशीकडे तीस कोयत्यांचं काम दिलं. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. मुदत थोडी होती. सुपडूकाका लूमच्या सुट्टीच्या दिवशी घण मारायला आले. बाकीचे दिवस ती एकटीच. कोयत्याची पाठ एकेक करूनच मऊ करावी लागते, तिथे घाई चालत नाही. सव्वीस झाले होते. उरलेले चार कडक करून, घासून, लखलखीत करून खाटेखाली फळीवर ठेवले होते. फक्त पाठ धरायची बाकी होती.

बुधवारी ती कोळसा आणायला गेली असताना मुकादमाचा ट्रॅक्टर आला. सुपडूकाका रात्रपाळी करून झोपले होते. उठून त्यांनी सव्वीस कोयत्यांची गोणी दिली. आणि खाटेखालचे चार कोयते दिसले तेव्हा ते राहून गेले असतील असं वाटून तेही गोणीत टाकले. भल्या मनाने टाकले. तसे ते दिसायला बाकीच्यांपेक्षा उजळ होते.

मावशी दोन दिवस समजत होती की ते चार घरीच आहेत. शनिवारी सकाळी फळी रिकामी दिसली.

शनिवारी आमची सकाळची शाळा. मी वर्गात फळ्यावर भागाकार लिहीत होते. मागे वळले तर दारात मावशी. अनवाणी, काखेत कानशीची पेटी. तिची गाडी कुठेच नव्हती, आणि तिला गाडीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बाई, तुनी गाडी काढ."

"वर्ग चालू आहे मावशी. काय झालं?"

तिने सांगितलं. या वेळी एकही वाक्य अर्ध्यात सोडलं नाही. "ऊस बुडाशी तोडतंस. तठे दगड ऱ्हास. हाऊ कोयता दगडवर बसना का काचना मायक फुटी जाई. तुकडा कोठे जाई? तोंडवर? पोटवर? बाजूले पोरगं खेळत ऱ्हास."

मी तिला शाळा सुटेपर्यंत थांबायला सांगितलं. शाळा सुटायला तासभर होता. तो तास मावशी मैदानात कुंपणाच्या कडेकडेने फिरत होती. मुलं खिडकीतून बघत होती. घंटा झाली आणि मी मोपेड काढली. मागे मावशी, तिच्या मांडीवर कानशीची पेटी आणि एक लोखंडी ठोकळा, पदरात गुंडाळलेला. वाटेत ती सारखी माझ्या खांद्यावर बोटं वाजवत होती. "चाल ना. चाल ना."

"मोपेड आहे मावशी, विमान नाही."

कामरेजच्या पुढे आडवाटेला, तिसऱ्या पडावावर आम्हाला मुकादम सापडला. सगळं ऐकून तो वैतागला. "कोयते झकास आहेत. कुणाची तक्रार नाही. तुम्ही बायका काम कशाला थांबवता?" मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ फडात शिरली.

उसाचा चिकटा आणि माती लागून दोन-तीन दिवसांत सगळ्या कोयत्यांच्या पाठी सारख्याच काळ्या झाल्या होत्या. निळं काही दिसत नव्हतं. म्हणून एकेकाच्या पुढ्यात उभं राहून, "दे ना भाऊ, एक बार दे," म्हणत ती कोयता घ्यायची, पाठीवर कानस मारायची, परत द्यायची. कानस रुतली की पुढचा. पुढचा. पुढचा. उसाच्या पाचटाने तिचे अनवाणी पाय कापले जात होते. मी मागून चालत मोजत होते.

दोन मिळाले. माणसांनी कुरकुरत का होईना दिले. तिसरा जमनी नावाच्या बाईकडे होता. तिशीची असेल, कमरेला पदर खोचलेला. तिच्या कोयत्यावर कानस सर्रकन घसरली तसा मावशीने तो घट्ट धरला. जमनीने दुसऱ्या बाजूने धरला.

"मी नाही देणार. सगळ्यात चांगला हाच आहे. तीन दिवस झाले, दगडाला घासावा लागला नाही."

"म्हणूनच दे माय. हाऊ मोडी जाई."

"मोडू दे. माझा आहे."

खरंच होतं तिचं. धार सगळ्यात तीच टिकली होती. आजूबाजूची माणसं गोळा झाली. मुकादम म्हणाला, "बघा, मी काय सांगत होतो?" मावशीने एक हिसका देऊन कोयता ओढून घेतला आणि जवळच उभ्या असलेल्या बैलगाडीकडे गेली. चाकाच्या लोखंडी धावेवर तिने कोयत्याची पाठ एकदाच मारली. फार जोराने नाही.

टण्ण असा आवाज झाला. मूठ तिच्या हातात राहिली. पुढचा अर्धा कोयता बैलाच्या पाठीवरून उडून पाचटात पडला.

मग मावशीने मुकादमाच्याच हातातला एक कोयता घेतला, कानस मारून पाहिला, आणि धावेवर तसाच मारला, या वेळी दुप्पट जोराने. पाठीला नुसती खोक पडली. तिने तो परत दिला.

जमनी मोडक्या मुठीकडे बघत होती. "मग मी उद्या काय हाताने ऊस मोडू?" एवढंच म्हणाली.

"पुढल्या रविवारी आणी देस. मना हातनी आण," मावशी म्हणाली. तोवर मुकादमाने तिला स्वतःचा कोयता द्यावा असंही तिनेच ठरवून टाकलं, आणि मुकादमाने तो मुकाट्याने दिला.

सापडलेले दोन कोयते तिने तिथेच दुरुस्त केले. पालापुढच्या तीन दगडांच्या चुलीत ठोकळा ठेवला, एका म्हातारीला फुंकणीने फुंकायला बसवलं, कोयत्यांच्या पाठी राखेने आणि कानशीने घासून उजळ केल्या. धारेला ओल्या मातीचा लेप दिला, कडेला बोटभर जागा रंग बघायला सोडून. सगळा पडाव वाकून बघत होता. पिवळा, बदामी, जांभळा. "आता निळा येईल," मी म्हटलं, आणि मावशी खेकसली, "बोलू नको."

चौथा मात्र मिळाला नाही. तो देवजी नावाच्या माणसाकडे होता, आणि देवजी आदल्या दिवशीच बायकोला घेऊन दुसऱ्या टोळीत गेला होता. कुठल्या फडावर, ते मुकादमाला सांगता येईना. अंधार पडायच्या आत मला घरी पोचायचं होतं. मावशीला मी जवळजवळ ओढूनच मोपेडवर बसवलं.

पुढचे तीन आठवडे तिने स्वतःला आणि आम्हाला सुख लागू दिलं नाही. रोज संध्याकाळी दारात उभी. "बाई, पेपरमा काही येल शे का?" तिला वाचता येत नव्हतं. मी गुजराती पेपर उघडून पानापानावर बोट फिरवायची. कामरेजची एखादी बातमी असली की ती श्वास धरून उभी राहायची. "अपघात ट्रकचा आहे मावशी." "कोयताना नही ना?" "नाही." मग ती जायची, आणि माझे यजमान म्हणायचे, "आता मलाही पेपर उघडताना भीती वाटते."

सुपडूकाका तिच्यापुढे यायचे नाहीत. मला एकदा गल्लीत भेटले तेव्हा म्हणाले, "ती मला एक शब्दही बोलली नाही, बाई. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." मी हे मावशीला सांगितलं. ती पंखा फिरवत होती. "त्याले काय बोलू? कोयता मना शे," म्हणाली.

पहिल्या रविवारी आम्ही जमनीचा नवा कोयता देऊन आलो आणि देवजीचा माग काढत तीन पडाव हिंडलो. दुसऱ्या रविवारी मला ताप होता; मावशी एसटीने एकटी गेली, पायी फिरली, काही न सापडता आली. तिसऱ्या रविवारी एका साखर कारखान्याकडे निघालेल्या गाडीवानाने सांगितलं, देवजी ना, तो नाल्यापलीकडे आहे.

नाल्यापलीकडे गेलो तेव्हा दुपार होती. देवजी पालाच्या सावलीत बसून विळ्याने मोळीचे बंध कापत होता. उंच, काळा, तोंडात काडी. दोन्ही हात शाबूत. बायको चुलीपाशी, लेकरू तिच्या मांडीवर. मावशी चालता चालता थबकली आणि तिघांना आळीपाळीने बघत राहिली. मलाच पुढे होऊन विचारावं लागलं.

"मुकादमाकडचा कोयता आहे का तुमच्याकडे?"

देवजीने काडी थुंकली. "तो कोयता? तुम्ही केला का तो?"

"मी," मावशी म्हणाली.

"अहो, तो कोयता आहे का चमचा? चार दिवसांत धार गेली! घासतोय, घासतोय, पुन्हा बोथट. ऊस तुटत नाही, नुसता चेंगरतो. म्हणून हा विळा घेऊन बसलोय. लाज नाही वाटली असा माल द्यायला?" तो उठून उभा राहिला होता. आवाज चढला होता. "कोण लोहार म्हणेल तुम्हाला?"

मावशीने चुलीकडे पाहिलं. चुलीत, निखाऱ्यात, कोयता होता. देवजीची बायको त्याने विस्तव पुढे सारत होती. रोज सारत असणार; पाण्याचं भांडं टेकवायलाही तोच आडवा घालत असणार. मावशीने तो ओढून काढला, पाण्यात टाकला, कानस काढली. पाठीवर कानस रुतली. धारेवरही रुतली. टोकावर, मुठीजवळ, सगळीकडे रुतली. अख्खा कोयता चुलीने मऊ करून टाकला होता. आता तो दगडावर काय, ऐरणीवर आपटला असता तरी मोडला नसता.

देवजीच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. आणि मावशी खाली मान घालून ऐकत होती. तिच्या कामाला कोणी शब्दाने नाव ठेवलं तर तिने आजवर लोकांना गल्लीबाहेर हाकललं होतं. आता ती म्हणत होती, "हो भाऊ. खरं शे भाऊ. बोल, आजून बोल." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. देवजी गोंधळला. त्याला वाटलं आपण जास्तच बोललो. "जाऊ द्या मावशी, असतं एखादं खराब," म्हणाला, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

सोबत आणलेला चांगला कोयता तिने त्याला दिला. त्याच्या बायकोला म्हणाली, "हाऊ चुलीमा घालू नको हां माय." परतीच्या वाटेवर माझ्या खांद्यावर बोटं वाजली नाहीत. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "चमचा म्हने!" आणि ती हसायला लागली. मला मोपेड कडेला घ्यावी लागली. आम्ही दोघी उसाच्या कडेला उभ्या राहून हसत होतो आणि जाणारे ट्रॅक्टरवाले आमच्याकडे बघत होते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमचं घर बदललं. आम्ही सुरतेतच पर्वत पाटियाच्या बाजूला राहायला गेलो, माझी शाळाही बदलली. भेस्तानला जाणं होईना. मावशीची बातमी अधूनमधून कानावर यायची. स्टीलच्या तयार सुऱ्या फुटपाथवर ढिगाने विकायला आल्या होत्या. त्या मोडत नसत, कापतही नसत, पण लोक घेत. मावशी आता कापड मार्केटच्या बाजूला येते, असं कोणी तरी सांगितलं.

एका दुपारी पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षातून उतरले आणि तो सुटा ठोका कानावर आला. एका गोदामाच्या भिंतीला गाडी लावून मावशी उभी होती. समोर मार्केटमधला एक पार्सलवाला, कापडाच्या गाठी फोडायची त्याची सुरी करून घ्यायला आलेला. "माँजी, कितनी देर?" तो म्हणत होता.

मी हाक मारली. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली, डोळे बारीक केले आणि मग ओळखलं.

"बाई का? बरी येल शे. आठे ये. मला रंग सांग."

मला समजलं नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि तो पांढरा नव्हता, मधासारखा पिवळसर. सगळं जग तिला पिवळं दिसत होतं. पोलादावरचा पिवळा कधी आला आणि कधी संपला हे तिला आता कळत नव्हतं. सकाळपासून त्या एका सुरीशी ती झगडत होती.

तिने पाठ ठोकळ्यावर धरली. मी वाकले. इतकी वर्षं पाहिलं होतं, पण सांगायची वेळ कधी आली नव्हती. "पिवळा... बदामी... जांभळा येतोय..." मी "आता" म्हणाले. तिने सुरी बुडवली, धारेवर कानस मारली. रुतली. मला उशीर झाला होता.

"पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा भट्टी, पुन्हा तेल, पुन्हा घासणं. दुसऱ्या वेळी मी घाबरून फार लवकर बोलले. पाठ कडकच राहिली. पार्सलवाला म्हणाला, "चलेगा माँजी, दे दो." तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी मी रंगांची नावं घेणं सोडून दिलं. नुसती बघत राहिले. धारेवर सरबताचा तो फिका पिवळा पोचला, आणि माझ्या तोंडून आपोआप "हं" निघालं.

धारेवर कानस घसरली. पाठीवर रुतली. तिने दोनदा, तीनदा मारून पाहिली. मग सुरी पुसून पार्सलवाल्याच्या हातात दिली आणि भट्टीवर पाणी ओतलं. फस्सकन वाफ वर आली.

"इतक्या लवकर बंद?"

"आते बस. ही शेवटली."

"मी येत जाईन ना मावशी. शाळा सुटली की रोज येईन."

"तू पोरं सांभाळ," ती म्हणाली. "मना डोळा मना पाहिजे." आणि सामान आवरायला लागली.

पुढे कळलं की सुपडूकाका तिला गावी घेऊन गेले, तिकडे एका शिबिरात डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बरं झालं. ती सुरतेला परत आली नाही. मीही कधी अमळनेरला गेले नाही. जायचं जायचं म्हणत राहून गेलं.

त्या दुपारी ती गाडी घेऊन सरळ चौकात शिरली. डावीकडून कापडाच्या गाठींनी भरलेले टेम्पो, उजवीकडून ट्रक. "मावशी, बघून!" मी ओरडले. तिने एक हात वर केला आणि कुणीकडेही न बघता गाडी ढकलत निघाली. ब्रेक किंचाळले. एक ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून काही तरी बोलला. तिने त्याला चालता चालताच उत्तर दिलं असावं, कारण तो आत गेला. रस्त्याच्या पलीकडे पोचल्यावर ती वळली, तोंडाशी हात धरून मला ओरडून काही तरी सांगितलं. हॉर्नच्या गलक्यात मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. मी मोठ्याने "हो" म्हटलं आणि मान हलवली. इतक्या लांबून तिला ते दिसलं असणं शक्य नव्हतं, तरी तिने समाधान झाल्यासारखा हात खाली घेतला, आणि गाडी गल्लीत वळवली.